सिंधुदुर्गापेक्षा छोटा देश, तीन मोबाईल कंपन्या : मॉरिशसमध्ये रेंज कशी पोचली आणि आपल्या वाडीत का नाही?

पावसाळा लागला की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. आधी लाईट जाते आणि तिच्या मागोमाग मोबाईलची रेंज जाते. ई-पीक पाहणीचा फोटो काढून होतो, पण अपलोड व्हायला सड्यावर चढून जावं लागतं. रेशन दुकानदार ई-पॉस मशीन हातात धरून रेंज शोधत फिरतो. ग्रामसभेत विषय निघतो. मग कोणीतरी सांगतं, "कंपनीला परवडत नाही," आणि विषय तिथेच संपतो.

हे "परवडणं" म्हणजे नेमकं काय? भारतासारख्या अवाढव्य देशात हा हिशोब पटकन कळत नाही. छोट्या देशात तो बोटावर मोजता येतो. म्हणून आज मॉरिशसकडे बघू. देश लांबचा आहे, पण परका नाही. दीडशे वर्षांहून जास्त काळ तिथे मराठी समाज आहे. उसाच्या मळ्यात राबायला मुंबई बंदरातून जी माणसं गेली, त्यात रत्नागिरी-सातारा भागातली बरीच होती. गणेश चतुर्थीला तिथे आजही सरकारी सुट्टी असते. आणि तिथल्या तीन मोबाईल कंपन्यांपैकी एक तर आपल्या मुंबईच्या ओळखीची आहे. ते पुढे येईलच.

देश केवढा?

मॉरिशसचं एकूण क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर. आपला सिंधुदुर्ग जिल्हा ५,२०७ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे तो अख्खा देश आपल्या जिल्ह्याच्या निम्म्यातही बसतो. लोकसंख्या मात्र बारा लाखांहून थोडी जास्त, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या साधारण दीडपट. एवढ्या लोकांत तीन मोबाईल कंपन्या चालतात आणि देशात माणसांपेक्षा सिमकार्डं जास्त आहेत, साधारण दीडपट.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसेल. मॉरिशसमध्ये मोबाईल सेवा १९८९ साली सुरू झाली. भारतात पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला, कोलकात्याहून दिल्लीला. म्हणजे आपल्या आधी सहा वर्षं. आफ्रिका खंडाच्या त्या बाजूला तर मोबाईल आणणाऱ्या पहिल्या काही देशांत मॉरिशस होता. १९६८ ला स्वतंत्र झालेला, उसावर जगणारा हा देश.

तीन कंपन्या, तीन तऱ्हेचे मालक

पहिली कंपनी एमटेल. १९८९ ला मोबाईल आणला तो हिनेच. ही खासगी कंपनी. मागे करीमजी जीवनजी हा उद्योगसमूह. गुजराती मुळाचं हे घराणं १८९० पासून तिथे व्यापारात आहे. धंदा करायला आलेले, धंदाच बघणार. पण वेळेवर पाऊल टाकलं म्हणून बाजार हातात आला.

दुसरी आणि सगळ्यात मोठी मॉरिशस टेलिकॉम. जुनं सरकारी टेलिफोन खातं, त्याची १९९२ मध्ये ही कंपनी झाली. १९९६ मध्ये सेलप्लस नावाने ती मोबाईलमध्ये उतरली. सन २००० मध्ये सरकारने तिचा ४० टक्के हिस्सा फ्रान्सच्या टेलिकॉम कंपनीला विकला. तीच आताची ऑरेंज. उरलेल्यात सरकारचा थेट वाटा एक तृतीयांशाच्या आसपास. त्यात स्टेट बँक ऑफ मॉरिशस आणि तिथला राष्ट्रीय पेन्शन फंड यांचे वाटे मिळवले की सरकारी बाजू निम्म्याच्या वर जाते. म्हणजे परदेशी भांडवल आणि तंत्र घेतलं, पण लगाम सोडला नाही. काही वर्षं ही कंपनी ऑरेंज नावाने सेवा देत होती. २०१७ पासून तिचा ब्रँड माय.टी असा आहे.

तिसरी कंपनी वाचून चाकरमानी मंडळींना गंमत वाटेल. महानगर टेलिफोन मॉरिशस लिमिटेड. म्हणजे आपली एमटीएनएल. मुंबईत ज्यांच्या घरी लँडलाईन होता त्या प्रत्येकाला हे नाव पाठ. एमटीएनएलने २००३ मध्ये मॉरिशसमध्ये ही कंपनी काढली. ती शंभर टक्के एमटीएनएलच्या मालकीची आहे आणि चिली नावाने सिम विकते. तिन्हींत लहान, पण चालू आहे. इकडे मूळ एमटीएनएल कर्जात बुडाली आणि बँकांचे हप्तेही थकले. समुद्रापलीकडचं तिचं पोर मात्र आपल्या पायावर उभं आहे.

२००३ पर्यंत तिथे लँडलाईन आणि परदेशी कॉलमध्ये मॉरिशस टेलिकॉमची मक्तेदारी होती. ती त्या वर्षी संपवली. त्याआधीच २००१ च्या कायद्याने एक नियामक संस्था नेमली. आपल्याकडे ट्राय आहे तशी. दर, परवाने, नंबर हे सगळं ती बघते. २०१३ मध्ये तिने मोबाईल नंबर सात आकड्यांवरून आठ आकड्यांवर नेले आणि सगळ्यांच्या पुढे ५ लावला. छोट्या देशात अशी कामं पटकन उरकतात.

टॉवर कुठे उभा राहतो?

आता मुद्द्याकडे येऊ. टॉवर म्हणजे नुसता लोखंडी खांब नव्हे. त्याला चार गोष्टी लागतात. जागा. वीज. वीज गेली तर बॅटरी आणि डिझेल जनरेटर. आणि टॉवरवरून पुढे संदेश नेणारी फायबर केबल, नाहीतर दुसऱ्या टॉवरकडे तोंड केलेली मायक्रोवेव्हची ढोलकी. यातलं एक जरी तुटलं तरी टॉवर उभा दिसतो, पण फोनवर रेंज नसते. आपल्याकडे पावसात होतं ते बहुतेक हेच. लाईट गेली, बॅटरी काही तास चालली, डिझेल भरायला माणूस पोचला नाही, झालं.

हा सगळा खर्च टॉवरखाली दोनशे गिऱ्हाईकं असली तरी तेवढाच आणि दोन हजार असली तरी जवळपास तेवढाच. म्हणून कंपनी आधी बघते ती माणसांची दाटी. मॉरिशसमध्ये एका चौरस किलोमीटरला सहाशेवर माणसं राहतात. सिंधुदुर्गात २०११ च्या जनगणनेप्रमाणे १६३. म्हणजे तेवढ्याच जागेत त्यांच्या टॉवरला आपल्या चौपट गिऱ्हाईकं मिळतात. वर पर्यटक. २०२३ आणि २०२४ मध्ये दरवर्षी बारा लाखांहून जास्त पर्यटक तिथे आले. म्हणजे देशाच्या लोकसंख्येएवढी माणसं वर्षभरात येऊन जातात आणि पैसे मोजून डेटा वापरतात. डोंगरही मोठे नाहीत, सगळ्यात उंच शिखर ८२८ मीटर.

आपल्याकडेही गणपतीत चाकरमानी येतात. पण ते दहा दिवसांत येतात आणि जातात. त्या दहा दिवसांत फोनवर काड्या भरलेल्या दिसतात, पण व्हिडीओ कॉल लागत नाही. त्याचं कारण असं की एका टॉवरची क्षमता ठरलेली असते. एसटीत पन्नास सीट आणि दीडशे माणसं चढली तर काय होणार? गाडी आहे, पण बसायला जागा नाही. आणि दहा दिवसांसाठी वर्षभराचा खर्च वाढवायला कंपनी तयार होत नाही.

त्यामुळे मॉरिशसच्या मुख्य बेटावर रेंज पोचली यात फार मोठं नवल नाही. तिथे परवडत होतं. २०१७-१८ च्या सुमारास तर मॉरिशस टेलिकॉमने बेटभर घराघरांपर्यंत फायबर नेण्याचं काम जवळपास पुरं केलं. खरी परीक्षा जिथे परवडत नाही तिथे होते.

मॉरिशसची वाडी : रॉड्रिग्ज

मॉरिशसच्या पूर्वेला सुमारे सहाशे किलोमीटरवर रॉड्रिग्ज नावाचं बेट आहे. त्याच देशाचा भाग. क्षेत्रफळ १०८ चौरस किलोमीटर, वस्ती त्रेचाळीस हजारांच्या आसपास. शेती, मासेमारी, थोडं पर्यटन. आपल्या भाषेत सांगायचं तर ही मॉरिशसची लांबची वाडी.

अनेक वर्षं या बेटाचं बाहेरच्या जगाशी बोलणं चालायचं ते उपग्रहावरून. हे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. तुम्ही "हॅलो" म्हटलं की ते वर जाऊन खाली येतं आणि समोरच्याचं उत्तर पुन्हा तसंच फिरून येतं. यात अर्धा सेकंद जातो. बोलताना दोघांचे शब्द एकमेकांवर आदळतात. उपग्रहाची जागाही महाग, म्हणून इंटरनेट तुटपुंजं.

२०१९ मध्ये हे बदललं. मॉरिशस टेलिकॉमने मुख्य बेटापासून रॉड्रिग्जपर्यंत समुद्राखालून सुमारे सातशे किलोमीटर लांबीची फायबर केबल टाकली. तिचं नाव मार्स. आता हिशोब करा. त्रेचाळीस हजार माणसांच्या रिचार्जवर सातशे किलोमीटर समुद्री केबल कधी वसूल होणार? नुसता नफा बघणारी कंपनी असा प्रकल्प हातात घेताना दहादा विचार करेल. इथे सगळ्यात मोठ्या कंपनीत सरकारचं वजन होतं आणि रॉड्रिग्जला २००२ पासून स्वतःची निवडून आलेली विधानसभा आहे. मागणी करणारा आवाज होता आणि ऐकायला भाग पाडता येईल असा मालक होता. माझ्या मते, सगळ्यात जास्त लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट हीच.

"देशात शंभर टक्के नेटवर्क" असं म्हणताना रॉड्रिग्ज मोजलं की नाही, यावर त्या देशाचा प्रामाणिकपणा ठरतो. आपल्याकडेही तेच आहे. कोकणात एका महसुली गावात आठ-दहा वाड्या असतात, मध्ये ओढे, डोंगर, कातळ. एका वाडीत रेंज आली की सरकारी यादीत गावापुढे "आहे" अशी खूण पडू शकते. मग बाकीच्या वाड्या कुठल्याच यादीत राहत नाहीत.

समुद्राखालची तार

मॉरिशस बेट असल्याने बाहेरचं सगळं इंटरनेट समुद्रातून येतं. २००२ मध्ये सेफ नावाची केबल आली. ती दक्षिण आफ्रिकेतून निघते, रियुनियन आणि मॉरिशसला टेकून पुढे आपल्या कोचीला येते आणि तिथून मलेशियाला जाते. म्हणजे मॉरिशस आणि भारत खरोखरच एका तारेने बांधलेले आहेत. पुढे २००९ मध्ये लायन आणि २०२१ मध्ये मेटिस या केबल आल्या. एकच तार असेल आणि ती तुटली तर अख्खा देश अंधारात. जहाज आणून समुद्रातून तार वर काढायची, जोडायची, यात दिवसच्या दिवस जातात. म्हणून दुसरी, तिसरी तार.

आपल्या टॉवरची केबल समुद्राखालून येत नाही, पण आपल्याकडे जेसीबी आहे. रस्ता रुंदीकरणात केबल तुटली की तालुक्याचे अर्धे टॉवर एकदम मुके होतात. तिथेही उपाय तोच : टॉवरला दोन बाजूंनी केबल. एक तुटली तर दुसरी चालते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी एकच असते.

बटण कोणाच्या हातात?

इथपर्यंत वाचून सरकारी मालकी म्हणजे सगळं चांगलं असं वाटेल. तसं नाही. मॉरिशसने दुसरी बाजूही बघितली.

२०२२ मध्ये मॉरिशस टेलिकॉमच्या प्रमुखाने राजीनामा दिला आणि नंतर आरोप केला की, सेफ केबल जिथे किनाऱ्याला लागते त्या केंद्रात बाहेरच्या तंत्रज्ञांना जाऊ द्यायला पंतप्रधानांनी सांगितलं. हे तंत्रज्ञ भारतातून आलेले होते. पंतप्रधानांचं म्हणणं होतं की ती सुरक्षेसाठी केलेली पाहणी होती, हेरगिरी नव्हती. संसदेपासून चहाच्या टपरीपर्यंत हा विषय तिथे गाजला.

पुढे २०२४ च्या निवडणुकीआधी राजकारणी, पत्रकार, अधिकारी यांच्या फोनवरच्या बोलण्याच्या कथित रेकॉर्डिंग समाजमाध्यमांवर येऊ लागल्या. सरकारने नोव्हेंबरच्या सुरुवातीला समाजमाध्यमंच बंद करायचा आदेश काढला, तोही मतदान होईपर्यंत. आदेश निघाला नियामक संस्थेकडून आणि पाळायचा होता तिन्ही कंपन्यांनी. देशभर ओरड झाली आणि एका दिवसातच तो मागे घ्यावा लागला. १० नोव्हेंबरला मतदान झालं आणि सत्ताधाऱ्यांचा दणदणीत पराभव झाला.

छोट्या देशात तीनच कंपन्या असल्या की तीन फोन फिरवून देशाचं बोलणं बंद करता येतं. मोठ्या देशातही जिल्ह्यापुरतं हे होतंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आंदोलनाच्या वेळी जालना, बीड भागात इंटरनेट बंद होतं. तेव्हा नुसते व्हॉट्सॲपचे मेसेज थांबले नाहीत. बाजारभाव, ऑनलाईन पैसे, फॉर्म सगळंच थांबलं. म्हणून रेंज मागताना ती कोण, कधी आणि कोणत्या कारणाने बंद करू शकतो, हे विचारायचा हक्कही आपलाच आहे.

आपल्याकडे पैसा आहे का?

आहे. हे बहुतेकांना माहीत नसतं म्हणून सविस्तर सांगतो. आपल्या देशात २००२ पासून एक निधी आहे. मोबाईल कंपन्यांच्या हिशोबात धरलेल्या उत्पन्नातले ५ टक्के त्यात जमा होतात. कंपनीचं उत्पन्न म्हणजे शेवटी आपलंच रिचार्ज. तुम्ही-आम्ही शंभर रुपये भरले की त्यातला वाटा या निधीत जातो. आधी याला सार्वत्रिक सेवा निधी म्हणत. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. जिथे कंपनीला परवडत नाही तिथे सेवा द्यायची, हेच या निधीचं काम. मॉरिशसच्या कायद्यातही असा निधी आहे.

यातूनच जुलै २०२२ मध्ये केंद्राने बीएसएनएलमार्फत ४जी नसलेल्या गावांसाठी योजना मंजूर केली. २४,६८० गावं आणि २६,३१६ कोटी रुपये. त्यामुळे यापुढे ग्रामसभेत कोणी "परवडत नाही" म्हटलं तर उत्तर तयार ठेवा : परवडत नाही म्हणूनच तर हा निधी काढला आहे.

ग्रामपंचायतीने काय करावं?

पहिलं, वाडीवार यादी करा. गावाचं नाव लिहून भागत नाही. कुठल्या वाडीत किती घरं, कुठल्या कंपनीची रेंज आहे, कुठे अजिबात नाही, जवळचा टॉवर कुठे, लाईट गेल्यावर तो किती वेळ चालतो. शाळेतली मोठी मुलं एका रविवारी हे काम करतील.

दुसरं, ती यादी कंपन्यांच्या नकाशाशी ताडून बघा. ट्रायच्या नव्या नियमांमुळे प्रत्येक कंपनीला आपल्या वेबसाईटवर रेंजचा नकाशा टाकावा लागतो. नकाशात तुमच्या वाडीवर रंग भरलेला असेल आणि प्रत्यक्षात रेंज नसेल, तर तो पुरावा आहे. स्क्रीनशॉट काढा, ट्रायच्या मायस्पीड ॲपने वेग मोजा आणि दोन्ही अर्जाला जोडा.

तिसरं, तक्रार तोंडी करू नका. कस्टमर केअरला फोन केला की तक्रार क्रमांक मागून घ्या. काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. पुढे केंद्राच्या तक्रार पोर्टलवर टाका. ग्रामसभेचा ठराव सोबत असला की वजन वाढतं. ठराव जिल्हाधिकारी आणि खासदार दोघांनाही द्या.

चौथं, जिल्हाभर मोठा बिघाड होऊन तो २४ तासांच्या वर गेला, तर ट्रायच्या नियमाप्रमाणे पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला मुदतवाढ मिळायला हवी. हे कोणी मागत नाही, म्हणून मिळतही नाही. पुढच्या वेळी मागा.

पाचवं, टॉवरला जागा द्यायची वेळ आली की गावात वाद होतात, हेही खरं. रेंज हवी पण टॉवर माझ्या बागेत नको, असं सगळेच म्हणाले तर टॉवर शेजारच्या गावात जातो. जागेचा विषय आधी ग्रामसभेत मिटवा, मगच अर्ज करा.

रॉड्रिग्जची त्रेचाळीस हजार माणसं कंपनीच्या हिशोबात बसत नव्हती. तरी केबल पोचली, कारण त्या बेटाचं नाव घेऊन कोणीतरी सतत मागत होतं आणि देशाने ते बेट यादीत धरलं. आपल्या वाड्यांची नावं अजून कुठल्याच यादीत नाहीत. येत्या ग्रामसभेत निदान ती लिहून काढायला सुरुवात करूया.